मूठ तीच, पाती वेगळी

सुट्या होणाऱ्या वस्तूंचा मला लहानपणापासून लळा आहे. आमच्या घरी पितळी प्रायमस होता. रविवारी सकाळी वडील अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरायचे आणि तो खोलायला बसायचे. बर्नर, पंपाचा दांडा, चामड्याचा वायसर, बारक्या चकत्या, सगळं ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने कागदावर मांडलं जायचं आणि आम्हा मुलांना त्या कागदाच्या हद्दीत पाऊल टाकायची बंदी असायची. स्टोव्हला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसे. आई म्हणायची, चांगला चाललाय तो, कशाला छळता त्याला? पण तासाभराने तो पुन्हा उभा राहून पूर्वीसारखाच फरफरायला लागला की वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मी पुढे फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांतले बरेचसे जुनी धनुष्यं जमवणारे होते.

धनुष्यं म्हणजे सरसकट कुठलीही नव्हेत, टेकडाउन रिकर्व्ह. टेकडाउन म्हणजे तीन तुकड्यांत सुटणारं: मधली मूठ, वरचं पातं, खालचं पातं. मूठ बुबिंगाची नाहीतर रोजवुडची, कधी मॅग्नेशियमची. पाती आतून मेपलच्या पातळ पट्ट्यांची आणि दोन्ही अंगांनी फायबरग्लास चिकटवलेली. आणि रिकर्व्ह म्हणजे, निरोप घेऊन निघालेल्या पाहुण्याने फाटकापाशी पुन्हा एकदा मागे वळावं, तशी ज्याची टोकं शेवटच्या काही इंचांत उलटी वळलेली असतात ते. दोरी चढवली की ती टोकांजवळ पात्यालाच टेकून पडलेली असते. ओढत गेलं की हळूहळू पात्यावरून सुटत जाते आणि आखूड धनुष्य आपलं आखूडपण विसरून लांब धनुष्यासारखं मऊ वागायला लागतं. माणसांना ही युक्ती साधत नाही. ताण वाढला की आपण आखूडच होतो.

हा नाद मला मिशिगनमध्ये लागला, आणि तिथे लागला नसता तरच नवल. मोटारींच्या कारखान्यात पोटापाण्यासाठी आलेला माणूस धनुष्यांच्या नादी लागण्याची त्या मुलखात परंपराच आहे. तिचा मूळपुरुष फ्रेड बेअर. १९०२ साली पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला हा माणूस तरुणपणी डेट्रॉइटला मोटारधंद्यात आला. आर्थर यंग नावाच्या धनुर्धराचा अलास्कातल्या शिकारीचा मूकपट त्याने पाहिला आणि कामातून गेला. म्हणजे मोटारींच्या कामातून. १९३३ साली, ऐन मंदीत, त्याने धनुष्यांचा धंदा काढला. १९४७मध्ये तो उत्तरेला ग्रेलिंग या गावी नेला. ऑ सेबल नदीकाठचं पाइनच्या रानातलं ते गाव पुढची तीस वर्षं अमेरिकेला धनुष्यं पुरवत होतं. फोटोत बेअर बहुधा कडेची वळवलेली हॅट घालून असतो आणि धनुष्य उजव्या हातात धरून दोरी डाव्या हाताने ओढत असतो. ते फोटो पाहून डावखुऱ्यांना फार बरं वाटतं.

बेअरला शिकारीसाठी लांब लांब फिरावं लागे. पाच फुटांचं अखंड धनुष्य छोट्या विमानात, जीपमध्ये आणि तंबूत सांभाळून नेणं ही कटकट होती. त्यावर बरीच वर्षं खटपट करून १९७०च्या सुमारास त्याने आपलं टेकडाउन बाजारात आणलं. त्याची मजा अशी की ते जोडायला पान्हा लागत नाही, स्क्रू लागत नाही. पात्याचं बूड मुठीच्या खाचेत बसवायचं, खिटी दाबायची, खट् असा एक सुबक आवाज येतो आणि झालं. मुठींना ए, बी, सी अशी अक्षरं, पात्यांना एक, दोन, तीन असे नंबर. ए मुठीला एक नंबरची पाती लावली तर ५६ इंची धनुष्य, बी मुठीला तीन नंबरची लावली तर ६४ इंची. वडिलांनी हे पाहिलं असतं तर स्टोव्हचा पिच्छा त्यांनी नक्की सोडला असता.

पण या धनुष्याचं नशीब पाहा. ज्या वेळी ते तयार होत होतं त्याच वेळी, १९६९च्या डिसेंबरात, मिसुरीतल्या हॉलिस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. टोकांना चाकं, मधे केबलींचं जाळं, आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम हलका. पुढल्या दहाएक वर्षांत शिकारीची रानं या चाकवाल्यांनी व्यापली. म्हणजे हजारो वर्षं माणूस लाकडाला वाक शिकवत आला, शेवटी ते खट् आवाजापर्यंत येऊन ठेपलं, आणि नेमकी तेव्हाच वेळ संपली. टेकडाउन रिकर्व्ह तारुण्यातच जुनं झालं. ऑलिम्पिकने मात्र त्याला आसरा दिला. १९७२ साली म्युनिकला तिरंदाजी बावन्न वर्षांच्या खंडानंतर परतली, आणि आज तिथे दिसणारं प्रत्येक रिकर्व्ह सुटंच होतं. फक्त त्याला इतके दांडे, वजनं आणि दुर्बिणीसारखी शेपटं फुटलेली असतात की ते ओढायचं की त्यावर रेडिओ लावायचा, असा प्रश्न पडावा. साताऱ्यातला माझा भाचा अदिती स्वामीच्या गावचा म्हणून कंपाउंडचा अभिमानी. २०२३ साली बर्लिनला अदिती आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत कंपाउंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून तर त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. माझा संग्रह व्हिडिओवर पाहून त्याने एवढंच विचारलं, “मामा, याची चाकं कुठे गेली?”

संग्रह हा शब्द तसा मोठा आहे. तळघरातली एक भिंत आहे, एवढंच. पण या भिंतीपायी मी परक्या लोकांच्या अनेक तळघरांत उतरलो आहे. अमेरिकेत घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं सगळा संसार चिठ्ठ्या लावून विकायला काढतात. चिनीमातीची भांडी, बर्फ लोटायचं फावडं, आणि कोपऱ्यात उभं धनुष्य. खरं तर धनुष्य कोपऱ्यात टोकावर उभं करू नये, पातं पिळवटतं. मोटारीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नये, सरस दगा देतो. मी धनुष्य उचलतो, दोरीच्या रेषेत एक डोळा मिटून पाहतो, मग पात्यांच्या कडांवरून कापसाचा बोळा फिरवतो. चीर असेल तर कापूस अडकतो. तो न अडकता टोकापर्यंत पोचला की छातीतली धडधड लपवून किंमत विचारायची. बेअरच्या जुन्या अखंड धनुष्यांवर १९५३ सालच्या कॅनडातल्या पेटंटचा उल्लेख असतो. तो वाचून विकणारा हमखास सांगतो, हे १९५३चं आहे बरं का. मुठीतल्या गोल बिल्ल्याचा धातू पाहून खरं साल बऱ्यापैकी काढता येतं, तांबं असेल तर १९५९ वगैरे. पण मी ते बोलत नाही. गेलेल्या वडिलांचं धनुष्य मुलाला जरा जुनं वाटत असेल तर वाटू द्यावं.

एका कोपऱ्यात यामाहाचं टेकडाउन आहे. हो, तीच यामाहा. जपानातल्या ज्या गृहस्थांनी १८८७ साली एका शाळेची बिघडलेली बाजाची पेटी दुरुस्त केली आणि स्वतःच पेट्या करायला घेतल्या, त्यांच्या कंपनीने पुढे पियानो केले, मोटरसायकली केल्या आणि १९५९पासून २००२पर्यंत धनुष्यंही केली. कोल्हापुरात ज्यांनी आरएक्स १०० चालवली आहे त्यांना ऐकून गंमत वाटेल की तिच्या टाकीवरचे तीन सूरकाटे माझ्या धनुष्यावरही आहेत. दोरी सुटताना तिचा स्वर मी पेटीशी लावून पाहिला होता. काळी चारच्या आसपास येतो, पण दर वेळी नाही.

सुट्या धनुष्याचा एक तोटा असा की त्याचे भाग सुटतात ते कायमचे. मूठ ओहायोत जाते, पाती विस्कॉन्सिनला. त्यामुळे या छंदातला निम्मा वेळ स्थळं जुळवण्यात जातो: मुलगी देखणी आहे, बी अक्षराची आहे, दोन नंबरची पाती हवीत, पंचेचाळीसच्या आतली. हे पंचेचाळीस म्हणजे ओढीचं वजन. पात्यावर ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पौंडांत, दोरी २८ इंच ओढल्यावर पडणारं. अमेरिकेतले आजोबा आपल्या तरुणपणाची उंची, पगार आणि माशाची लांबी वाढवून सांगतात. ओढीचं वजन मात्र वाढवून सांगता येत नाही, पात्यावर लिहिलेलं असतं.

अशाच एका आजोबांकडून मी पन्नास पौंडांची पाती घेतली. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे धनुष्य एकच, पण पात्यांच्या जोड्या तीन होत्या. तिशीत साठ पौंड, पन्नाशीनंतर पन्नास, खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर पस्तीस. साठवाली नातवाला दिली होती, पन्नासवाली माझ्यापुढे ठेवली. मी मुठीचंही विचारलं. ते हसले आणि मूठ माझ्या हातात दिली. तिच्या गळ्याशी, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जी जागा येते तिथलं व्हार्निश पार झिजून आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. माझा हात त्यात बसेना. माझी बोटं आखूड, त्यांचा तळवा रुंद. मी मूठ परत केली, त्यांनी तिला पस्तीसची पाती लावली, खट् खट्, आणि अंगणातल्या गवताच्या भाऱ्यावर एक बाण मारून दाखवला. दोरी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली. बाण जरा खाली लागला. ते म्हणाले, तो पूर्वीही खालीच लागायचा.

अखंड धनुष्य हे करू देत नाही. खांदा गेला की ते भिंतीवर जातं.

महाभारतात विराटपर्वात एक बारीकशी नोंद आहे. अज्ञातवास सुरू होणार, विराटनगरी जवळ आलेली, कुणी ओळखलं तर पुन्हा बारा वर्षं वनवास; अशा घाईतही पांडवांनी शमीच्या झाडावर शस्त्रं ठेवण्याआधी आपापल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. अर्जुनाने गांडीवाचीही उतरवली. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो, शमीची पूजा करतो, पण त्या दोरी उतरवण्याबद्दल कुणी बोलत नाही. मला तर त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच कळतं. मीही संध्याकाळी दोरी उतरवतो. डॅक्रॉनची साधी दोरी. नव्या जातीच्या, न ताणणाऱ्या दोऱ्या या जुन्या टोकांना सोसत नाहीत. डॅक्रॉन थोडी ताणते, थोडा धक्का स्वतः पिते, बाण थोडा हळू जातो. जाऊ दे. समोर गवताचा भाराच आहे, त्याला कुठे घाई आहे?

बायको विचारते, पन्नासची पाती तुला ओढवत नाहीत, मूठ त्या आजोबांनी दिली नाही, मग हे घेतलंस काय? प्रश्न रास्त आहे. त्यानंतर मी बेअरची एक मॅग्नेशियमची बी मूठ मिळवली. मिशिगनच्या थंडीत ती हाताला अशी झोंबते की हातमोज्याशिवाय धरवत नाही. तिला पन्नासची पाती बसतात, पण आता माझाच उजवा खांदा पावसाळी हवेत बोलायला लागला आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणी अमेरिकेत असेल आणि कुणाच्या शेजाऱ्याच्या तळघरात बेअरची जुनी, दोन नंबरची, पस्तीस पौंडांची पाती पडली असतील, तर कृपया कळवावं. किंचित पिळवटलेली असली तरी चालतील. टपालखर्च माझा.