द्राक्षमळ्यातून चालण्याची शास्त्रोक्त पद्धत

फ्रान्सच्या पूर्व टोकाला अल्सास नावाचा प्रांत आहे. तिथे व्होज डोंगराच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांच्या मधोमध रिबोव्हिले, उनाविर आणि रिकविर ही तीन गावं आहेत. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जेमतेम पाच किलोमीटर. सहलीची बस तिन्ही गावं जेवणाआधी ‘करून टाकते’. पायी जाणाऱ्याने पूर्ण दिवस राखून ठेवावा, आणि तोही पुरणार नाही असं मनाशी धरावं.

हंगामाचा नियम सोपा : द्राक्षं पिकली की जाऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी असते आणि त्या दिवसांत मळ्यांतल्या वाटा पुष्कळ ठिकाणी फिरणाऱ्यांना बंद करतात. पाटी फ्रेंचमध्ये असल्यामुळे ती कळली नाही अशी बतावणी करता येते. मात्र बांधावर शेतकरी उभा असेल तर तो भाषेशिवायही नीट समजावतो. मे-जून बरा. घोस धरलेले नसतात, त्यामुळे ‘एकच मणी, चवीपुरता’ हा मोहही होत नाही. छत्रीचं ओझंही फारसं नको. पश्चिमेचे ढग व्होजवर रिते होतात आणि अलीकडचं कोल्मार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत मोजलं जातं. महाबळेश्वर धो धो भिजतं आणि माण-खटाव आभाळाकडे बघत बसतं, तोच न्याय. फरक इतकाच, की इथल्या कोरडेपणाची वाइन होते.

वाट चुकण्याची सोय उत्तम आहे. क्लब व्होजियाँ ही संस्था १८७२ पासून या डोंगरांत वाटा आखते आहे. झाडांवर, दगडांवर आयत, त्रिकोण, फुल्या, टिकल्या. लाल, निळ्या, पिवळ्या. आपली खूण निघतानाच हातावर लिहून घ्यावी. नाहीतर लाल आयताबरोबर निघालेला गृहस्थ गप्पांच्या नादात पिवळ्या फुलीबरोबर पळून गेलेला आढळतो. त्यातून नामुष्की वाटू देऊ नये. हा अख्खा प्रांत १८७१ ते १९४५ या काळात जर्मनी आणि फ्रान्स यांच्यामध्ये चार वेळा इकडून तिकडे गेला आहे.

आता विद्वत्तेकडे वळू. गटात नाशिकचा किंवा तासगावचा एक तरी असतोच. मळ्यात त्याला पुढे घालावं. तारांवर बांधलेल्या वेली पाहून तो आधी ‘मांडव कुठंय?’ विचारेल. इथे वर्षाला एकच मुख्य छाटणी, तीही वेल थंडीत झोपलेली असताना, हे कळल्यावर तो काही काळ बोलणार नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी यांत त्याचं आयुष्य गेलेलं असतं. ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड दिसलं, की मात्र तो उजळतो. भुरीची चाहूल गुलाबावर आधी लागते म्हणून ते लावायची जुनी रीत आहे, आणि भुरीवर तो उनाविरपर्यंत सहज बोलू शकतो.

रिबोव्हिलेच्या डोक्यावर, रानात, तीन पडके किल्ले आहेत. मराठी माणसाला ‘वर जाऊ नका’ सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा सकाळीच जाऊन यावं, पँट मोज्यांत खोचावी (रानात गोचिडी आहेत आणि त्यांच्यापासून लाइमचा आजार होतो), आणि बुरुजावर गारद देण्याची हौस मनातच भागवावी. पायथ्याशी कुणी पिठलं-भाकरी घेऊन बसलेलं नसतं. दुपारी दोनच्या सुमारास बहुतेक खानावळींच्या चुली विझतात. त्यानंतर पोहोचणाऱ्याला फक्त सहानुभूती मिळते.

उनाविरच्या संत उना यांच्या झऱ्यातून एका नापिकीच्या साली पाण्याऐवजी वाइन वाहिली, अशी दंतकथा आहे. रिबोव्हिलेत सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी वादकांची जत्रा भरते, तेव्हा नगरभवनासमोरच्या कारंज्यातून ती खरोखर वाहते. श्रद्धाळूंनी उनाविरला थांबावं, व्यवहारी माणसांनी कॅलेंडर बघावं.

शेवटी रिकविर, म्हणजे तळघरातली चाचणी. पेला देठाला धरावा, फिरवावा, हुंगावा, कपाळाला आठी घालावी. रीसलिंग असेल तर ‘खनिज’ म्हणावं, गेवुर्त्सट्रामिनर असेल तर ‘गुलाब, लिची’. यापलीकडे जाणारा पकडला जातो. खरी परीक्षा पुढे आहे : घोट तोंडात घोळवून समोरच्या भांड्यात थुंकायचा. जन्मभर ‘येथे थुंकू नये’ या पाटीखाली पिचकाऱ्या मारलेली माणसं इथे, भांडं समोर असताना, संकोचाने सगळं गिळून टाकतात. सहाव्या पेल्यानंतर लाल आयत आणि पिवळी फुली एकच दिसू लागते, म्हणून हा कार्यक्रम किल्ल्यांआधी ठेवू नये.

बाटल्या विकत घेताना कस्टम्सचा नियम लक्षात असू द्यावा : भारतात येताना माणशी दोन लिटर शुल्कमुक्त. ७५० मिलीच्या दोन बाटल्या झाल्या की अर्धा लिटर उरतो. त्यासाठी विमानतळावर वाद घालू नये. तेवढी तिथेच पिऊन यावी.