पंख नागपुरात, विमान काशीत

सासूबाईंना काशी घडवायला आम्ही दोघे साडू सहकुटुंब निघालो, तेव्हा सामानात एक विमान होतं. बिनपंखांचं. पंख सात फुटी आणि अखंड, ते बर्थखाली मावेनात म्हणून नागपुरातच राहिले. धड मात्र माझ्या पायाशी झोपून आलं. साडूभाऊंनी त्यात नवं पेट्रोल इंजिन बसवलं होतं, त्याची रेडिओ-रेंज तपासायला मोकळी जागा पाहिजे, आणि गंगेपलीकडच्या रेतीएवढी मोकळी जागा आपल्याकडे आहे कुठे? "उडवायचं थोडंच आहे? पंखच नाहीत. पोलीस काय बोलणार?" असल्या युक्तिवादांपुढे माझी मेहुणी वीस वर्षं हरत आली आहे.

नाव भोसले घाटावरूनच करायची, हेही त्यांनीच ठरवलं. नागपूरच्या माणसाची काशीत हक्काची जागा ती! मणिकर्णिका आणि शिंदे घाट ओलांडून थोडं पुढे गेलं की अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला हा घाट लागतो. किल्ल्याच्या बुरुजासारखी दगडी भिंत, तिच्यात पार वर एवढ्याएवढ्याशा खिडक्या. आतल्या लक्ष्मीनारायणाला बाहेरूनच हात जोडून साडूभाऊ नाववाल्याकडे वळले. "हमारे राजा का घाट है, भाव बराबर लगाओ."

"राजा साहब ने तो भाव नहीं किया था," नाववाला म्हणाला.

मग त्याची नजर धडावर गेली. "ई का है?"

"हवाई जहाज. गैस का."

"अरे, हमरी नाव भी गैस की है!"

आणि दोघांची गळाभेट व्हायचीच बाकी राहिली. इंधन मी देतो, असा शब्दही नाववाल्याने देऊन टाकला. साडूभाऊ हा छंद अमेरिकन पुस्तकांतून शिकले. तिकडे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. काशीतल्या नावा मात्र हल्ली खरोखरच सीएनजीवर चालतात. आपण वेगवेगळ्या जातीचे आहोत हे दोघांना नदीच्या मध्यावर समजलं. तरी नाववाल्याने शब्द पाळला आणि काठावर लागल्यावर भाच्याच्या मोटारसायकलीतून नळीने पावशेर पेट्रोल काढून दिलं. त्यात मिसळायचं टू-स्ट्रोक तेल साडूभाऊंनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आणलं होतं. प्रवासात सासूबाईंनी दोनदा त्या बाटलीकडे हात नेला होता, ते आठवून मी रेतीवर बसूनच घेतलं.

आता तपासायचं काय, तर विमान स्वतःच्याच इंजिनामुळे बहिरं होतं का. जुन्या नागपूरकरांना हे सांगायला नको. आकाशवाणीवर गाणं रंगात आलं की गल्लीतून कुणाची तरी लुना जायची आणि रेडिओ खर्रखर्र करायचा. लुनाच्या प्लगमधली ठिणगी स्वतःच एक छोटं प्रक्षेपण करत असते. 1887च्या सुमारास हर्ट्झने जगाला पहिल्यांदा रेडिओलहरी दाखवल्या त्या ठिणगी पाडूनच. म्हणजे मूळ आकाशवाणी लुनाचीच, आपली नंतरची! विमानात तर ठिणगी आणि रेडिओ एकाच खोलीत नांदतात. नव्या 2.4 गिगाहर्ट्झच्या सेटला हा गोंगाट फारसा शिवत नाही, पण साडूभाऊंचा सेट जुना एफएम, ओढून लांब होणाऱ्या अँटेनाचा. "नवीन घेऊन टाका न," असं मी एकदा म्हणालो होतो. ते चार महिने बोलले नाहीत.

रीत अशी. अँटेना मिटवून ठेवायची, म्हणजे ताकद आपोआप घटते. मग हातातल्या सेटवरच्या काड्या हलवत तीस पावलं लांब जायचं. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. दोन्ही वेळा शेपटीचं सुकाणू सांगितलं तेवढंच हललं पाहिजे. माझं काम शेपूट धरायचं, आणि सुकाणू थरथरलं तर उजवा हात वर करायचा.

इंजिन बंद असताना सगळं झकास. मग त्यांनी पंख्याला टिचकी मारली, इंजिन धडाडलं, आणि दहाव्या पावलालाच सुकाणू लटलटायला लागलं. पण माझे दोन्ही हात विमानाला जखडलेले! मी ओरडलो, ते इंजिनात बुडालं. मग मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. त्यांनी अर्थ घेतला: काही अडचण नाही. आणि आनंदाने मागे मागे चालत उंटवाल्यापर्यंत गेले. भोवती माणसं जमली. कुणीतरी विचारलं, कौन देवता हैं? एका आजीबाईंनी त्या थरथरत्या शेपटीला मनोभावे नमस्कार करून दहाची नोट ठेवली. मी ती घेतली नाही. घेणार कशी, हात कुठे होते?

शेवटी इंजिन बंद करून झाकण उघडलं. गाडीत मावावं म्हणून साडूभाऊंनी इग्निशनचा डबा आणि रिसीव्हर अगदी शेजारी कोंबले होते. त्यांच्यात निदान वीतभर अंतर हवं. शिवाय कार्ब्युरेटरची दांडी होती अख्खी तारेची. इंजिनाच्या हादऱ्याने धातूवर धातू खडखडतो, त्याचा वेगळा कोलाहल. वर तीच तार इंजिनाकडचा सगळा गोंगाट थेट आत आणून सोडते. दांडीचा मधला भाग धातूचा नसला पाहिजे. रेतीवर तसं काय मिळणार? एका पोराने फाटक्या पतंगाची बांबूची कमची दिली. ती दोऱ्याने बांधली, डबा मागे सरकवला, पुन्हा इंजिन.

तीस पावलं. सुकाणू दगडासारखं स्थिर. चाळीस. साडूभाऊ काड्या हलवत, मागे मागे, हसतमुखाने, उंटापलीकडे.

नावेत मेहुणी उभी राहिली. "अहो, चला आता! आरती चुकेल!" साडूभाऊ मागे मागेच. "अहो!"

नाववाला समजुतीने म्हणाला, "बहनजी, पहले मशीन बंद करवाइए, तब सुनेंगे."

"इंजिन बंद असलं तरी रेंज एवढीच आहे," मेहुणी म्हणाली आणि खाली बसली.