परसातला ओटा

अमेरिकेतल्या भाच्याने स्वतःच्या हाताने लाकडी डेक ठोकला, त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर आले आणि आमच्या लातूरच्या घरात परसातल्या ओट्याचा विषय निघाला. लाकूड लगेच बाद झालं. किनवटचा साग उत्तम, पण त्याचा भाव ऐकून माणूस बसायचं सोडून झोपतो. आणि साधं लाकूड मातीवर टेकवलं की त्याचा पहिला उपभोग वाळवी घेते. तेव्हा ओटा, आणि ओटा म्हणजे शहाबादी. कलबुर्गीकडचं ते शहाबाद अन् आपण पूर्वी निजामाच्या एकाच राज्यात होतो. 1956 साली राज्यं वेगळी झाली, फरशी मात्र येतच राहिली.

स्वतः काही बांधायचं हे आपल्याकडे शोभत नाही. घरमालकाचं काम चहा सांगणं आणि सिमेंटची पोती मोजणं. बाकीचं मिस्त्री ठरवतो. आमच्या मिस्त्रींनी परसात टाचेने माती उकरली अन् म्हणाले, "साहेब, जागा काळी हाय. आदुगर खालचं काढू, वरचं मंग बगू."

माणूस खरं बोलत होता. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिच्या भेगेत अख्खा पंजा जातो. तिच्यावर थेट फरशी बसवली, तर फरशीलाही तिच्याबरोबर वर-खाली करावं लागतं. म्हणून काळी उपसायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा, त्यावर काँक्रीट आणि सगळ्यात शेवटी फरशी. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे जमिनीखाली जातात. पाहुण्यांना दाखवायला वरचा दीड इंच उरतो.

ढाळ कुठे काढायचा, यावर घरात दोन तट पडले. मी म्हणत होतो गटाराकडे, बायको म्हणत होती लिंबाच्या आळ्यात. मिस्त्रींनी पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी दोन टोकांना धरली, पेन्सिलीने भिंतीवर खूण केली आणि ढाळ लिंबाकडे गेला. ते माझ्याशी काही बोलले नाहीत. घरात कुणाचं चालतं, हे त्यांना चहाच्या कपावरूनच कळलं असावं.

आईला ओटा चांगला उंच हवा होता. तिचं बालपण माळवदावर गेलेलं. कुरडया तिथे, उन्हाळ्यातली झोप तिथे. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तेच माळवद, तेच दगडी भिंतींचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. गणपती बोळवून लोक नुकते टेकले होते. तेव्हापासून तिला उघड्यावर बसायला आवडतं, पण मातीचं ओझं डोक्यावर नको. ओटा तिच्या म्हणण्याप्रमाणे एक हात उंच झाला.

नांदेडचे मेहुणे आले. "दाजी, हे काय करायलालेत? वर पत्रा टाका की!" नांदेडच्या उन्हातला माणूस दुसरं काय सांगणार? पण पत्रा टाकला की आभाळ गेलं, आणि मे महिन्यात पत्र्याखाली बसणं ही शिक्षाच.

खरी परीक्षा पुढे होती. सिमेंटला निदान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे ज्या गावात आली, त्या गावात भरदिवसा ओट्यावर पाणी मारणं म्हणजे चोरीच वाटते. मी भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरून, ओली पोती अंथरून संध्याकाळी मारायचो. तरी गल्लीतून जाणारा एक तरी म्हणायचाच, "लई पाणी आलंय वाटतं!"

आता ओटा झाला. त्यावर आईच्या कुरडया, बायकोच्या डाळी, शेजारच्या काकूंची हळकुंडं आणि एक आगंतुक मांजर असतं. शहाबादी हा चुनखडीचा दगड. लिंबाच्या लोणच्याची बरणी भरताना रस सांडला तिथे पांढुरके डाग पडले आणि ते घासून निघत नाहीत. मला बसायला जागा मिळते ती रात्री, कुरडया आत गेल्यावर.

तुम्हाला बांधायचा असेल तर दिवाळीनंतर काम काढा. मातीत चिखल नसतो, बोअरला पाणी असतं. मुरुमात हात आखडू नका. आणि खर्च कुणाला खरा सांगू नका; निम्मा सांगितला तरी लोकांना जास्तच वाटतो.