शुगरवाले भाऊ

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोणत्याही मोहल्ल्यात जा, एक शुगरवाले भाऊ भेटतातच. शुगर निघाल्यापासून ते पेशंट कमी आणि डॉक्टर जास्त झालेले असतात. राजकमल चौकातल्या टपरीवर "आपला बिनसाखरेचा!" असं ते इतक्या जोरात सांगतात की रस्त्यापलीकडच्या ऑटोवाल्यालाही त्यांची प्रकृती कळावी. चहा येईपर्यंत दोन समोसे आटोपतात. "हे तं तिखट हाये राजा, यात गोड कुठं हाये?" याच न्यायानं शेगावची मैद्याची कचोरी हिशेबात येत नाही. गिला वडा तर मुळीच नाही. भिजवलेला पदार्थ तळलेला कसा?

साखर त्यांनी केव्हाच सोडली. गूळ खातात. साखर कारखान्याची, गूळ घरचा. रक्ताला या दोघांतला फरक कळत नाही, हे भाऊंच्या मते रक्ताचं अज्ञान. वरूडहून संत्र्यांची पेटी आली की सोलून खायचा कंटाळा, म्हणून चार संत्र्यांचा रस एका दमात. साखरेला जरा धरून ठेवणारा चोथा तेवढा गायीला.

डॉक्टरांनी एकदा पोळी कमी करून ज्वारी खायला सांगितली. भाऊंनी वाक्याचा उत्तरार्धच ऐकला आणि चार भाकरींवर आले. "भाकर कमी करा, असं डाक्टर म्हनलाच नाही." कोंड्यासकट दळलेली ज्वारी सावकाश पचते हे खरं, पण गव्हात आणि ज्वारीत पिष्ट जवळपास सारखंच, आणि चार भाकरी म्हणजे शेवटी चार भाकरी. चतुर्थीला साबुदाण्याची उसळ. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात डाळीचं बळ नाही की भाजीचा चोथा नाही. पण उपासाला शुगर वाढते असं म्हणणं भाऊंना धर्मबाह्य वाटतं.

तपासणी जवळ आली की मात्र माणूस बदलतो. आदल्या दोन दिवसांत कारलं, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची भुकटी, पहाटे मालटेकडीला दोन चकरा. उपाशीपोटीचा आकडा सभ्य आला की तो कागद खिशात घेऊन गावभर फिरतात. यंदा डॉक्टरांनी एचबीए1सी करायला लावली. ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, दोन दिवसांच्या वैराग्यानं ती बधत नाही. साडेसहाला मधुमेह ठरतो. भाऊ नवाच्या पुढे निघाले. "हे टेस्ट हाये का तलाठी? तीन महिन्याचा सातबाराच काढला माह्या!"

खरा इलाज वहिनींकडे आहे आणि त्या तो कुणाला सांगत बसत नाहीत. ताटात आधी काकडी-कांदा, गवारीची भाजी आणि तुरीचं घट्ट वरण येतं. ते निम्मं संपल्यावर भाकर, तीही दोन. तिसरी मागितली की, "पीठ संपलं, बघता का डब्यात?" डबा बघायला भाऊ उठत नाहीत, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. जेवण झालं की त्यांना काहीतरी विसरलेलं आठवतं आणि भाऊंना पायी दुकानात जावं लागतं. जेवणानंतरच्या चालण्यानं साखर उतरते, हे भाऊंना सांगितलं असतं तर ते नक्कीच स्कूटर काढून गेले असते.

गंमत अशी की गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला हेच भाऊ पिठलं, ज्वारीची भाकर आणि कण्या घातलेली अंबाडीची भाजी डोळे मिटून, भक्तिभावानं खातात. बेसनाची प्रथिनं, अंबाडीचा चोथा, सोबत कांदा. आहारतज्ज्ञ बाई वर्षभर हेच सांगतात. पण त्यांनी कागदावर लिहून दिलं की ते पथ्य होतं, आणि पथ्य म्हटलं की भाऊंची भूक मरते.

परवा अकोल्याला लग्नाच्या पंगतीत भाऊ बसले होते. आलू-वांग्याची भाजी झाली, मठ्ठा झाला, बुंदी आली. भाऊंनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. "नको रे बाबा, शुगर हाये आपल्याले!" आणि शेजारच्या पाहुण्याला गोडाचे दुष्परिणाम सांगायला लागले. आपल्याकडची रीत अशी की दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हात काढायचे. वाढणारा पोरगा वहिनींचा भाचा. तो पहिल्याच 'नको'ला बादली उचलून पुढं सरकला.

भाऊ व्याख्यान अर्ध्यावर सोडून वळले. "काहून रे पोट्ट्या, आग्रह कराचं शिकवलं नाही का तुले कोनी?"