पहिलं वर्ष संपू दे, मग जिम?

एमडी-एमएसला लागलेली पोरं हटकून म्हणतात, "फर्स्ट इयर संपू दे, मग जिम." साफ चूक. वर्ष संपेस्तोवर पाठ धरलेली असते. माझी धरली होती, म्हणून सांगतोय.

निवासी डॉक्टरकी हे अंगमेहनतीचं काम आहे. ट्रॉलीवरचा पेशंट उचलून पलंगावर घ्या, थिएटरमध्ये रिट्रॅक्टर धरून तासन्‌तास उभे राहा, निखळलेला खांदा ओढून बसवा. सीपीआर देताना छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायची असते. हात थकले की दाब उथळ होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पहाटे तीनला वॉर्डात बदलायला दुसरा असतोच असं नाही. तेव्हा दंडात जे असेल तेच पेशंटच्या वाट्याला येतं.

ताकद कमवायला महिने लागतात, टिकवायला मात्र फार थोडं पुरतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांचा व्यायाम केला. मग काहींनी तो नवव्या हिश्शावर आणला: आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. ३२ आठवड्यांनंतरही त्यांची ताकद शाबूत होती!

तेव्हा पाच दिवसांचं वेळापत्रक फाडून टाका. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप, जोर. सेट कमी करा, वजन नको. जिमला कुलूप असेल तर हॅरिसनचे दोन्ही खंड सॅकमध्ये भरा, सॅक पाठीला लावा आणि होस्टेलच्या गच्चीवर बैठका काढा. फक्त इमर्जन्सी करून आल्या आल्या बारला हात लावू नका. आधी जेवा, झोपा. जागरणानं बधिर झालेल्या माणसाला आपली पाठ वाकली हेसुद्धा कळत नाही.

आता विभागप्रमुखांशी थोडं. आठवड्याला साधारण ४८ तास, सलग १२ तासांहून जास्त नाही, हे केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत १९९२ पासून लिहिलेलं आहे. मुलं आळशी नाहीत, त्यांना तो अर्धा तासच सापडत नाही. पुढच्या ड्यूटी लिस्टमध्ये प्रत्येकाच्या नावासमोर साप्ताहिक सुट्टीचा वार लिहा. आणि त्या दिवशी डिस्चार्ज कार्डासाठी फोन करू नका.