दोन शब्द बोलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ऑफिसात निरोपसमारंभ चालू आहे. शाल-श्रीफळ झालेले आहे, समोशांच्या प्लेट अजून झाकलेल्या आहेत. अशात सूत्रसंचालन करणाऱ्या बाई एकाएकी तुमच्याकडे वळून म्हणतात, ‘‘मी यांना विनंती करते, की त्यांनी दोन शब्द बोलावेत.’’ महाराष्ट्रातल्या असंख्य कर्तबगार माणसांची प्रगती नेमकी इथे खुंटते. ऑडिटवाल्यांना वर्षानुवर्षे एकट्याने तोंड देणारी माणसे याच घटकेला फोन आल्यासारखे करून जिन्यात जातात. अशा होतकरू पण घाबरट मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मध्येच उडी मारून पडल्यास लेखक जबाबदार नाही.

पायरी पहिली : भीतीचे मूळ शोधावे

फार खणावे लागत नाही. बहुतेकांचे मूळ १ ऑगस्टला सापडते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येत असल्याने मराठी शाळेतले मूल त्या दिवशी भाषणातून सहसा सुटत नाही. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथवर गाडी भरधाव जाते. ‘शांतचित्ताने ऐकून घ्यावे’ इथे श्वास संपतो. टिळकांच्या गोष्टीतल्या शेंगांच्या टरफलांपाशी आले की पुढचे सगळे पुसले जाते. पहिल्या रांगेतल्या बाई ओठ हलवून शब्द पुरवतात. ओठ दिसतात, शब्द कळत नाही. गंमत अशी, की एका मुलाने मास्तरांना न घाबरता ‘टरफले उचलणार नाही’ असे ठणकावल्याची ही गोष्ट. ती सांगताना आपले गुडघे एकमेकांवर आपटत होते. निर्भयपणाचा धडासुद्धा आपण घाबरतच पाठ केला आहे.

पायरी दुसरी : शरीराची समजूत घालू नये

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली भीती आणि संताप यांवर एक ग्रंथ लिहिला. संकट दिसले की अ‍ॅड्रिनलिन सुटते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, पोटाचे काम थांबते आणि रक्त स्नायूंकडे धावते. थोडक्यात, शरीर लढायला नाहीतर पळायला सज्ज होते. सभागृहात या दोन्हींची सोय नसते. लढावे तर समोर साहेब, पळावे तर दारात संयोजक. म्हणून ही सगळी जय्यत तयारी हातांच्या थरथरीवर खर्च होते. शरीराला ‘घाबरू नकोस’ असे बजावणे व्यर्थ. ते ऐकत नाही. श्वास मात्र सावकाश सोडावा. तेवढे ते ऐकते.

पायरी तिसरी : थोरांची चरित्रे जपून वाचावीत

ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात गारगोट्या धरून बोलण्याचा सराव करी. घराबाहेर पडायची लाज वाटावी आणि सराव सुटू नये म्हणून तो अर्धे डोके भादरून घेई, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. आपण हे करू नये. हल्ली अर्धे डोके भादरले तर सलूनवाला जास्त पैसे घेतो आणि माणूस उलट मिरवायला बाहेर पडतो.

गांधीजींचे उदाहरण जास्त उपयोगी आहे. १८९१ साली ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्याला उभे राहिले आणि उलटतपासणीसाठी एक प्रश्न सुचेना. डोके गरगरले, ते खाली बसले आणि फीचे ३० रुपये सोडून मोकळे झाले. हेच गांधीजी १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत धंद्यातल्या सचोटीवर बोलले. ते त्यांचे पहिले जाहीर भाषण, आणि ते चांगले वठले. मधल्या काळात त्यांनी वक्तृत्वाचा क्लास लावला नव्हता. सांगण्यासारखे काहीतरी जवळ होते आणि त्याची तयारी केली होती. हा उपाय बिनखर्चाचा असल्याने त्याची जाहिरात होत नाही.

पायरी चौथी : साहित्य जमवावे

मुद्दे फुलस्केपवर लिहू नयेत. हात थरथरला की फुलस्केप फडफडतो आणि तो फडफडाट माइक शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर चारच मुद्दे मावतात, हा त्याचा दुसरा गुण. माइक घेऊन स्पीकरसमोर उभे राहू नये, तो शीळ घालतो आणि लोकांना वाटते तुमचेच काहीतरी चुकले. माइकवर टिचक्या मारून ‘आवाज येतोय का?’ विचारण्याची प्रथा आहे, ती पाळावी. श्रोते ‘हो’ म्हणतात. त्या दिवशी तुमच्या बाजूने लागलेला तो पहिला कौल असतो. नंतर मान डोलावणारे एखादे काका शोधून त्यांच्याकडे बघत बोलावे. ते डुलकी घेत असले तरी चालेल.

पायरी पाचवी : ऑफिसात प्रयोग करावा

मीटिंगच्या शेवटी साहेब विचारतात, ‘‘कोणाला काही शंका?’’ तेव्हा सगळे आपापल्या डायरीतली तारीख नव्याने वाचू लागतात. ज्याने मीटिंगमधला हिशेब रात्री बसून केला आणि ज्याला त्यातली चूक माहीत आहे, तो सगळ्यात गप्प. शेजारचा मात्र म्हणतो, ‘‘सर, तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, फक्त मला तो अधोरेखित करायचा होता.’’ बढतीच्या यादीत कोणाचे नाव येते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून दर मीटिंगला एक खरा प्रश्न विचारावा. आवाज कापला तर कापू द्यावा. कापऱ्या आवाजात दाखवलेली चूकही चूकच असते, आणि तिमाही संपण्याआधी दाखवली तर साहेबही ऐकतात. नाही ऐकले, तर तेही एकदाचे समजते.

पायरी सहावी : भीती संपूर्ण घालवू नये

ही पायरी बाकीचे मार्गदर्शक दडवून ठेवतात. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे बारीक धक्के देऊन शिकवून पाहिले. काम अवघड असले की अगदी सौम्य धक्क्याने उंदीर रेंगाळले, जबर धक्क्याने गडबडले आणि बेताच्या धक्क्याने सगळ्यात लवकर शिकले. तेव्हा भीतीही बेताची हवी. ती मुळीच न उरलेला माणूस कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर कोणत्याही समारंभाचे प्रमुख पाहुणे पाहावेत. दीड वाजलेला असतो, मागे पंगतीची ताटे वाजत असतात, आणि ते ‘जाता जाता एकच सांगतो’ असे तिसऱ्यांदा म्हणत असतात.

हे लक्षण स्वतःत दिसू लागल्यास ताबडतोब पुढच्या कार्यक्रमाचे आभारप्रदर्शन मागून घ्यावे. सगळे खुर्च्या सरकवत असतात, यादी लांब असते आणि एक नाव राहिले तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. भीती जागच्या जागी परत येते.