बिंदुमाधव

आकाशाचे फोटो काढायला म्हणून जी माणसं रानात जातात, त्यांतली थोडीच फोटो काढतात. बाकीची फोकस करतात. या दुसऱ्या जातीचा अस्सल नमुना पाहायचा तर आमच्या ग्रुपमधले बिंदुमाधव पाहावेत. त्यांचं खरं नाव पासपोर्टवर आणि पेन्शनच्या कागदांवर आहे. पण ‘तारा हा बिंदू असतो आणि फोटोतही तो बिंदूच दिसला पाहिजे’ हे वाक्य ते इतक्या जणांना ऐकवत आले, की कुणीतरी त्यांचं बारसं करून टाकलं. त्यांची हरकत नव्हती. फक्त व्हॉट्सॲपवर कुणी ‘बिंदूमाधव’ असं दीर्घ लिहिलं, की ऱ्हस्व करून परत पाठवतात. बारीक चूक न खपणं हा स्वभावच.

अमावस्येच्या जवळचा शनिवार आला की कोथरूडहून त्यांची गाडी वेल्ह्याच्या दिशेने निघते. तोरण्याच्या पायथ्याला ओळखीच्या एका शेतकऱ्याचं भाताचं खाचर आहे. कापणी झाली की ते मोकळं असतं आणि तिथून पुण्याचा उजेड बराचसा डोंगराआड जातो. गाडीत दुर्बीण, माउंट, जुनी बॅटरी, लॅपटॉप, लॅपटॉपच्या पडद्यावर लावायला लाल जिलेटिनचा कागद, आरशावरचं दव उडवायला बायकोचा हेअर ड्रायर, तो चालावा म्हणून पंपाच्या बोर्डापर्यंत पोचेल एवढी लांब एक्स्टेन्शन, आणि एक चटई. चटई अंथरलेली आजवर कुणी पाहिलेली नाही. आडवं होऊन नुसतं आकाश बघणं हा प्रकार त्यांना आळशीपणाचा वाटतो.

सामान्य माणसाला वाटतं, तारे एवढे लांब, तर लेन्स अनंतावर नेऊन ठेवली की काम झालं. पुष्कळ लेन्सवर आडव्या आठाची खूण असतेच. हे वाक्य बिंदुमाधवांसमोर उच्चारू नये. ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्स त्या खुणेच्याही थोड्या पुढे फिरतात. उन्हाने-थंडीने काच आणि धातू फुगले-आखडले तरी अनंत हाती लागावं, म्हणून कारखान्यातच तेवढी जागा सोडलेली असते. ‘म्हणजे बघा,’ ते बोट वर करून सांगतात, ‘अनंताच्याही पुढे जागा आहे, आणि अनंत नेमकं कुठे हे बनवणाऱ्यालाही खुणेवर दाखवता येत नाही.’ हे ऐकून एकदा आमच्यातल्या एका कीर्तनप्रेमी काकांनी डोळे मिटून मान डोलावली होती. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसवरही भिस्त ठेवून चालत नाही. काळ्या आभाळात त्याला धरायला काही सापडत नाही. लेन्स घुर्र घुर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि हताश होऊन थांबते.

रिळांच्या काळात हे दुःख एवढं तीव्र नव्हतं. रीळ धुऊन येईपर्यंत आठवडाभर फोकस उत्तम असायचा. डिजिटल कॅमेरा आला आणि चूक जागच्या जागी कळायला लागली. तेव्हा बिंदुमाधवांनी शिऱ्याच्या डब्याच्या झाकणाला दोन भोकं पाडून ते दुर्बिणीच्या तोंडावर बसवलं. ही युक्ती जुनी, हार्टमन नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने चालते. फोकस नसेल तर एका ताऱ्याचे दोन दिसतात, दोन्ही एकमेकांवर आले की जमलं. (झाकणाचा हिशेब घरी अजून मिटलेला नाही.) पुढे पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी आकाशनिरीक्षकाने २००५ साली त्याहून सुरेख मास्क शोधला. काळ्या पुठ्ठ्यात तीन दिशांच्या बारीक फटी कापायच्या. मग ताऱ्याभोवती प्रकाशाच्या तीन रेघा उमटतात, फोकस हलवला की मधली रेघ सरकते, आणि ती बाकीच्या दोघींच्या बरोबर मध्ये आली की स्क्रू घट्ट करून मोकळं व्हायचं. बिंदुमाधवांनी तो काळ्या फाइलच्या कव्हरातून कापला, फार देखणा कापला. माझं मत विचाराल तर मानवजातीने इथेच थांबायला हवं होतं.

पण मग सॉफ्टवेअर आलं.

कॅमेरा वायरीने लॅपटॉपला जोडायचा, लाइव्ह व्ह्यू सुरू करायचा, एक तारा निवडून दहापट मोठा करायचा. फार तेजस्वी तारा नको, तो पिक्सेल भरून टाकतो आणि मापच चुकतं. व्याध, अभिजित असल्या बड्या मंडळींना म्हणूनच बिंदुमाधवांच्या दरबारात प्रवेश नाही. आरशाच्या दुर्बिणीत फोकस नसलेला तारा मेदूवड्यासारखा दिसतो, मधे भोक आणि भोवती कडं. फोकसचा स्क्रू फिरवत गेलं की वडा बारीक होत होत भोक बुजतं. आणि त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा पडत असतो. ताऱ्याचा निम्मा प्रकाश ज्या वर्तुळात मावतो त्या वर्तुळाचा व्यास, पिक्सेलमध्ये. आकडा लहान तितका फोकस चांगला.

घात केला तो या आकड्याने. मास्क म्हणायचा, ‘झालं.’ सॉफ्टवेअर म्हणतं, ‘२.४१.’ आणि २.४१ म्हटलं की माणसाच्या मनात २.४० येतंच. बिंदुमाधव स्क्रू केसभर फिरवतात, २.३८ येतो. चेहरा उजळतो. हात काढेपर्यंत २.५२ होतो. चेहरा पडतो. खरं म्हणजे स्क्रू जागचा हललेला नसतो, हललेली असते हवा. वरचे थर गार-गरम होऊन थरथरतात, तारा लुकलुकतो, आकडाही लुकलुकतो. दोन-तीन सेकंदांचे चार-पाच फोटो घेऊन त्यांची सरासरी पाहावी, हे सॉफ्टवेअरच्या माहितीतच लिहिलेलं असतं. बिंदुमाधव सरासरीही काढतात. पण एकदा चुकून दिसलेला २.३८ त्यांच्या मनातून जात नाही. तो कुठेतरी आहे, आपल्याला एकदा दिसला होता, आणि आपण त्याच्या लायक ठरलो नाही, असं त्यांना वाटत राहतं.

‘काका, फोटो कधी काढायचा?’ नव्याने आलेली कॉलेजची पोरं विचारतात.

‘हवा बसू दे.’

‘कधी बसेल?’

‘बसते. पहाटेकडे बसते.’

शेतकरीदादा जेवण आटोपून, कानाला मफलर गुंडाळून एक फेरी मारतात. लाल कागदाआडचा पडदा बघतात, मग वर बघतात.

‘घावला का साहेब तारा?’

‘घावलाय हो. तीक्ष्ण होत नाहीये.’

‘तिकांडं तर लख्ख दिसतंय की हितनं.’

‘डोळ्याला दिसतं, दादा. डोळ्याचं काय!’

दादा यावर काही बोलत नाहीत. शहरातल्या माणसाला डोळ्याचं काही नसतं, एवढं त्यांच्या लक्षात आलेलं आहे.

बरं, एवढा जीव टाकून फोकस साधला तरी तो रात्रभर टिकत नाही, आणि याला कारण बिंदुमाधव नसून धातू आहे. त्यांच्या दुर्बिणीचा एफ-आकडा ५. तेवढ्यावर फोकसची जागा सुमारे ०.०७ मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर चालते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी सूट. आता डिसेंबरच्या रात्री वेल्ह्याला पारा भराभर उतरतो. पाऊण मीटरची ॲल्युमिनियमची नळी पाच अंश गार झाली की सुमारे ०.०९ मिलिमीटर आखडते. सूट संपली! नऊला केलेला फोकस बाराला गेलेला असतो. हा हिशेब त्यांनी पहिल्यांदा कागदावर मांडून दाखवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आता दर तासाला उठून फोकस तपासायला शास्त्राचा आधार मिळाला होता. तेव्हापासून एक वही आहे. तारीख, वेळ, तापमान, आकडा. घरातल्या दुधाच्या हिशेबाची वही एवढी नीट असती तर, असं काकू म्हणतात. त्यात मी पडत नाही.

२१ डिसेंबर २०२०ची गोष्ट ग्रुपमध्ये अजून सांगितली जाते. गुरू आणि शनी त्या संध्याकाळी एकमेकांपासून अवघ्या ६ कलांवर आले होते, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाइतकं अंतर. इतके जवळ ते त्याआधी १६२३ साली आले होते. दोघं एका दृश्यात, शनीची कडी आणि गुरूचे चंद्र एकत्र. सूर्य बुडाल्यावर हाती जेमतेम दोन तास, त्यातही पश्चिमेला डोंगर. बाकीच्यांनी मोबाइल दुर्बिणीला टेकवून जमेल तसे फोटो काढले आणि घरी पाठवूनही दिले. बिंदुमाधवांनी एक मध्यम तारा पकडला, फोकस करायला घेतला. क्षितिजाजवळची हवा ती, आकडा ३.१च्या खाली येईना. कुणीतरी म्हणालं, ‘अहो, आता वळवा तिकडे.’ ते म्हणाले, ‘असल्या फोकसवर शनी? शोभतं का?’ २.९ झाला तेव्हा त्यांनी दुर्बीण वळवली. गुरू-शनी डोंगराआड जाऊन पाच मिनिटं झाली होती. पुन्हा इतके जवळ ते २०८० साली येतील. बिंदुमाधवांनी वहीत त्या दिवसाची नोंद केली आहे, ‘फोकस समाधानकारक.’

घरच्या कार्यात त्यांच्या हाती कॅमेरा देऊ नये, हे नातेवाईक एका लग्नात शिकले. मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट दूर झाला, नवरानवरी हार उंच धरून थांबलेली, आणि हे पडद्यावर नवरीच्या नथीतला मोती दहापट मोठा करून बघतायत. भटजींनी दोनदा खाकरून पाहिलं. फोटोत अखेर मोती असा आला आहे की त्यात मांडवातल्या ट्यूबलाइटी मोजता येतात. नवरा नथीच्या मागे कुठेतरी आहे.

टीका फार झाली की ते हबलचं नाव काढतात. १९९० साली अंतराळात सोडलेली एवढी मोठी दुर्बीण, आरसा २.४ मीटरचा, आणि कडेला तो साधारण दोन मायक्रॉन जास्त घासला गेलेला! फोटो धूसर. १९९३च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन चष्मा बसवला तेव्हा कुठे नीट दिसायला लागलं. काटेकोरपणे बघितलं तर तो आरशाच्या आकाराचा दोष होता, फोकस कितीही हलवून जाण्यासारखा नव्हता, आणि हे बिंदुमाधवांना माहीत आहे. पण ‘दोन मायक्रॉन’ म्हणताना त्यांचा आवाज असा भरून येतो की मधे बोलवत नाही. मधल्या तीन वर्षांत शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरने ते फोटो बरेच निवळून घेतले होते, हेही ते आवर्जून सांगतात.

आणि एक गोष्ट न सांगणं अन्यायाचं होईल. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा फोकस हा माणूस दोन मिनिटांत करून देतो. पोरगं येऊन ‘काका, जरा बघता का’ म्हणालं, की जिभेचं टोक दातांत धरून, मास्क लावून, एकाच बाजूने स्क्रू आणत (उलटसुलट फिरवला की आट्यांतला ढिलेपणा दगा देतो), ‘हं, घे’ म्हणून मोकळे. तिथे २.६ सुद्धा चालतो. ग्रुपच्या प्रदर्शनात दरवर्षी देवयानी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ यांचे जे फोटो लोक मान वाकवून बघतात, त्यांतले निम्मे या बोटांनी फोकस केलेले आहेत. खाली नावं पोरांची. बिंदुमाधवांच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर एकाच मध्यम ताऱ्याचे दोन-दोन सेकंदांचे हजारो फोटो आहेत, तारीखवार लावलेले.

गेल्या दिवाळीत मुलाने त्यांना फोकसला लावायची मोटर भेट दिली. आता फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर, त्याचं नाव नीना, सगळं आपणहून करतं. फोकस थोडा अलीकडे नेतं, फोटो काढतं, थोडा पलीकडे नेतं, फोटो काढतं, आकड्यांचा इंग्रजी व्हीसारखा आलेख आखतं आणि तळाशी जाऊन थांबतं. तापमान उतरलं की पुन्हा करतं. (‘काल रात्री नीनाने फार साथ दिली, पार चारपर्यंत,’ असं ते सकाळी पोहे खाताना म्हणाले, तेव्हा पाहुण्या आलेल्या मावशींच्या घशात शेंगदाणा अडकला.) आम्हाला वाटलं, सुटले. पहिल्या रात्री साडेसातला फोकस झाला, आलेख सुबक, आकडा २.२. बिंदुमाधव खुर्चीत बसले. चहा प्यायले. पुन्हा उठून यंत्राने केलेला फोकस बरोबर आहे का ते मास्क लावून पाहिलं. बरोबर होता. आठ वाजले होते आणि पुढे आख्खी रात्र पडली होती. मला त्यांची काळजी वाटली.

ती अनाठायी होती. माउंट ध्रुवाकडे रोखण्याचंही सॉफ्टवेअर असतं, हे त्यांना त्याच रात्री कळलं. ध्रुवतारा अढळ म्हणतात, पण खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही अधिक, बाजूला आहे. चूक किती उरली ते हे सॉफ्टवेअर कला आणि विकलांत, म्हणजे अंशाच्या बारीक-बारीक भागांत, सांगतं. विकलांत! आपल्याकडे ध्रुव क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, आणि आमच्या खाचरातून तो नेमका झाडीत जातो. तेव्हा सध्या बिंदुमाधव दादांच्या मागे लागले आहेत, पलीकडच्या अंगाला कुणाचं खाचर मिळेल का म्हणून.

‘मिळंल की,’ दादा म्हणाले. ‘पर तितं लाइट न्हाई.’

‘लाइट कशाला हवीय दादा? फोकस आता आपोआप होतो.’